प्रहेलिका आणि रसविघ्न : कोड्यांच्या व्हिडिओ गेमविषयी खेळाडूंची मते

१

संस्कृत साहित्यशास्त्रात प्रहेलिकेला, म्हणजेच कोड्याला, मानाचे स्थान क्वचितच मिळाले. भामहाने तिच्याकडे नापसंतीनेच पाहिले. दंडीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात तिचे सोळा प्रकार सांगितले खरे. परंतु क्रीडागोष्ठीतील विनोद, गर्दीत जाणकारांनी आपापसांत साधावयाचे गुप्त भाषण आणि दुसऱ्याला चकवणे, एवढ्यापुरतीच तिची उपयुक्तता त्याने मानली. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त तिला अलंकारांच्या पंक्तीतूनच उठवले. त्याने दिलेले कारण मोजक्या शब्दांतले असले तरी दूरगामी आहे : प्रहेलिका रसाच्या आड येते. बुद्धी उत्तराच्या शोधात गुंतली की चित्ताची विश्रांती भंगते आणि विश्रांतीवाचून आस्वाद संभवत नाही, असा या आक्षेपाचा विस्तार करता येईल.

हा प्रश्न शास्त्रग्रंथांत निकालात निघाला असे आपण समजत आलो. परंतु तो आज एका अनपेक्षित ठिकाणी पुन्हा उभा राहिला आहे. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात गेल्या तीन दशकांत असा एक प्रकार रूढ झाला आहे की ज्यात कोडे आणि वातावरण ही दोनच प्रमुख द्रव्ये असतात. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला 'मिस्ट' हा त्याचा आरंभीचा ठळक नमुना. एका निर्मनुष्य बेटावर खेळणारा एकटा असतो. त्याच्यावर कोणी चाल करून येत नाही, वेळेचे बंधन नसते. बंद यंत्रे, पाने गहाळ झालेली पुस्तके आणि समुद्राचा आवाज एवढेच त्याच्या सोबतीला असते. या जातीच्या खेळांविषयी खेळणारे जे बोलतात व लिहितात त्यात एक वाद सतत आढळतो : कोडे वातावरण मोडते की घडवते? विश्वनाथाचे नावही न ऐकलेली माणसे त्याचाच आक्षेप मांडत असतात, किंवा त्याचे खंडन करीत असतात.

समीक्षेने या मतांकडे आजवर गिऱ्हाइकाचे अभिप्राय म्हणून पाहिले. खेळ घ्यावा की न घ्यावा, दहांपैकी किती गुण द्यावेत, एवढ्यापुरतेच त्यांचे मोल ठरले. प्रस्तुत लेखात वेगळी भूमिका घेतली आहे. खेळणाऱ्याचे मत ही एका कृतीची साक्ष असते, आणि साक्षींची सरासरी काढता येत नाही, असे माझे म्हणणे आहे. ते सुचण्याचे निमित्त खामगावातील एका पदव्युत्तर वर्गाचे आहे. म्हणून त्याचा थोडा उल्लेख करणे भाग आहे. वोल्फगांग इझरची 'रिक्त जागे'ची संकल्पना शिकवताना कादंबरीतील उदाहरणे विद्यार्थ्यांना पटेनात, तेव्हा त्यांनीच दोन खेळांची नावे काढली. पुढील चर्चा त्या दोन खेळांची आहे.

२

पहिला खेळ 'लिम्बो'. कोपनहेगन येथील 'प्लेडेड' या संस्थेने आर्न्ट येन्सेन यांच्या दिग्दर्शनाखाली तो २०१० साली प्रसिद्ध केला. पडदा काळा-करडा, आकृत्या सावल्यांसारख्या, नायक एक लहान मुलगा, ज्याच्या चेहऱ्यावर डोळ्यांचे दोन पांढरे ठिपके तेवढे दिसतात. रूढ अर्थाचे पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. मार्टिन स्टिग आन्दर्सन यांनी योजलेले वारा, पाणी, यंत्र यांचे दबलेले ध्वनी आहेत. संवाद नाहीत, निवेदन नाही. वाटेत एका इमारतीवर 'हॉटेल' अशी दिव्यांची पाटी लागते, आणि त्या पाटीची अक्षरेदेखील वाचण्यासाठी नसून उड्या मारण्यासाठी आहेत. चुकीच्या वेळी पाय पडला तर त्यांतील विजेने मुलगा मरतो. भाषेचे चिन्ह येथे पुन्हा वस्तू झाले आहे.

मुलगा बहिणीच्या शोधात निघाला आहे, ही माहिती खेळात कोठेही दिलेली नाही. ती खेळासोबतच्या जाहिरातीतील एका वाक्यात आहे. ज्याने ते वाक्य वाचले त्याला शेवटी दिसणारी मुलगी ही बहीण वाटते. ज्याने वाचले नाही त्याला ती केवळ एक मुलगी वाटते, आणि त्याचा शेवट अधिक गूढ राहतो. एकच खेळ खेळलेल्या दोघांनी प्रत्यक्षात दोन संहिता वाचलेल्या असतात. मतभेदाचा उगम आकलनशक्तीत शोधण्यापूर्वी कोणी कोणत्या दारातून प्रवेश केला हे पाहावे लागते, ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट मरणाची. या खेळात मरणे ही शिकण्याची रीत आहे. गवतातला सापळा दिसत नाही; मुलगा त्यात सापडून मरतो, खेळ त्याला काही पावले मागे पुन्हा उभा करतो, आणि दुसऱ्या वेळी खेळणारा सावध असतो. एका बैठकीत पाच किंवा त्याहून कमी मृत्यूंत खेळ पुरा करणाऱ्यासाठी स्वतंत्र बहुमानही ठेवला आहे. यावर खेळणाऱ्यांत दोन पक्ष पडतात. पहिल्याच्या मते पुनःपुन्हा मरण्याने भय बोथट होते. थरकाप उडवणारा महाकाय कोळी चौथ्या वेळी केवळ वेळ साधण्याचा प्रश्न उरतो. दुसऱ्याच्या मते ही बधिरता हाच त्या जगाचा स्वभाव आहे. आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने सांगितले, "तिसऱ्यांदा तो मेला तेव्हा मला वाईट वाटलं नाही, मी फक्त अंतर मोजलं. मग माझीच मला भीती वाटली." विश्वनाथाचा आक्षेप या वाक्याच्या पूर्वार्धात आहे आणि त्याचे उत्तर उत्तरार्धात. गणिताने भयानकाला हटवले, परंतु हटवण्याची जाणीव होताच भयानक दुसऱ्या आश्रयाने परत आला. आता त्याचा विभाव कोळी नव्हता, खेळणाऱ्याचे स्वतःचे मन होते.

याच खेळाचा उत्तरार्ध जंगलातून कारखान्यात जातो. कोळी आणि इतर मुले मागे राहतात. दातेरी चाके, लोहचुंबक, उलटे होणारे गुरुत्वाकर्षण यांची कोडी सुरू होतात. अनेकांची तक्रार आहे की येथे वातावरण ओसरते आणि कोडे तेवढे उरते. ही तक्रार मला ग्राह्य वाटते, पण तिचे कारण कोड्यांच्या काठिण्यात नाही. पूर्वार्धात डोक्याला चिकटणारा एक प्रकाशमान किडा मुलाला एकाच दिशेने चालायला लावतो. त्या कोड्याचे उत्तर शोधताना खेळणारा स्वतःच्या बोटांवरील सत्ता गमावण्याची अगतिकता भोगतो. चुंबकाच्या कोड्यात असे काही भोगावे लागत नाही. उत्तर मिळते आणि दार उघडते.

३

दुसरा खेळ आपल्या प्रदेशातला आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' २०२० साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील खेळांच्या गटात त्याला नामांकन मिळाले. हा निव्वळ कोड्यांचा खेळ नव्हे. त्यातील बराच भाग असुरांशी लढण्याचा आहे. तरीही त्याची ओळख वातावरणाने घडली आहे. राजस्थानी वास्तूंची आठवण देणारे महाल, भिंतींवरील चित्रमालिका, छायाबाहुल्यांच्या धर्तीची कथनदृश्ये आणि माणूस मुद्दाम लहान दिसावा एवढ्या अंतरावरून टिपलेले पट असे त्याचे रूप आहे. राजी आणि गोलू ही अनाथ भावंडे. राखीच्या सणाच्या दिवशी असुर गोलूला पळवून नेतात आणि राजी त्याच्या शोधात निघते. शोधाचे सूत्र 'लिम्बो'च्याच जातीचे, नाते मात्र येथे उघड सांगितलेले.

या खेळाविषयीच्या मतांत लढाया, अपुरा वाटणारा शेवट आणि अल्प लांबी यांवरील टीका पुष्कळ आहे. तिच्याशी येथे कर्तव्य नाही. दोन मुद्दे आपल्या प्रश्नाशी निगडित आहेत. पहिला निवेदनाचा. दुर्गा आणि विष्णू ही दोन दैवते राजीचा प्रवास वरून पाहत एकमेकांशी बोलतात; तिचे धैर्य, तिची शंका, भिंतीवरील चित्रातील कथा यांविषयी ती भाष्य करतात. मूळ निवेदन इंग्रजीतून असून पुढे हिंदीतूनही ते उपलब्ध झाले. काहींना हे भाष्य अडथळा वाटते : आपण पाहत असलेल्या चित्राचा अर्थ आधीच सांगितला गेला तर पाहण्याचे कारण काय उरले? इझरच्या परिभाषेत, रिक्त जागा लेखकानेच बुजवून टाकल्या. आमच्या वर्गातील काहींनी मात्र याला ठाम विरोध केला. शेगाव जवळच, कीर्तन-प्रवचन कानांवर पडत वाढलेल्या या मुलांना निरूपण हा कथेत बाहेरून आलेला अडसर वाटतच नाही. त्यांच्या लेखी कथा ऐकणे म्हणजे कथा आणि तिचे निरूपण एकत्र ऐकणे. इझरचे प्रतिमान ज्या आधुनिक, एकांतातल्या वाचनावर उभे आहे ते सार्वत्रिक नाही, हे त्यांनी मला सैद्धांतिक भाषेवाचून दाखवून दिले.

दुसरा मुद्दा कोड्यांचा. 'राजी'त वर्तुळाकार चित्राच्या एकात एक बसलेल्या कड्या विस्कटलेल्या असतात. त्या फिरवून जुळवल्या की राजी आणि गोलूच्या पूर्वायुष्यातील एक चित्र पुरे होते. ही कोडी फार सोपी आहेत, असा सर्वसाधारण अभिप्राय. सरावलेल्या खेळाडूला ती कोडी म्हणून मोजावीशीच वाटत नाहीत. वर्गातही हेच बोलले गेले. तेव्हा क्वचितच बोलणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, "मला खेळता येत नाही, म्हणून असेल. पण मला ते लगेच जुळलं होतं. मी मुद्दाम चुकीचं फिरवत राहिले. जुळलं की ते चित्र संपतं, आणि पुढे पुन्हा तो सापडलेला नसतो."

वर्ग हसला. मीही त्या मताला खेळाच्या अज्ञानातून आलेले मानले आणि चर्चा पुढे नेली. तो माझा प्रमाद होता. या लेखातील सारे विवेचन त्या वाक्याकडे परत जाण्याचा प्रयत्न आहे.

४

रोलां बार्थने 'एस/झेड' (१९७०) या ग्रंथात कथेतील रहस्याच्या संकेतव्यूहाचे विवरण करताना विलंबाला महत्त्व दिले. प्रश्न उपस्थित होतो, उत्तर लांबते, चकवे पडतात, आणि त्या लांबण्यातच कथेचा अवकाश तयार होतो. परंतु कादंबरीत हा विलंब संहितेचा असतो. वाचक तो सोसतो. उपर्युक्त विद्यार्थिनीने विलंब स्वतः निर्माण केला. उत्तर ठाऊक असताना तिने ते देण्याचे टाळले, कारण उत्तर हा स्मृतीचा शेवट होता. एस्पेन आर्सेथने 'सायबरटेक्स्ट' (१९९७) या ग्रंथात वाचकाला प्रत्यक्ष श्रम करावयास लावणाऱ्या संहितांची मीमांसा केली, आणि अशा अनुभवाचे अडसर व उलगडा हे दोन क्षण मानले. ही जोडी उपयुक्त आहे. तथापि तिचे दोन्ही क्षण सोडवण्याच्याच अक्षावर येतात. उलगडा हाताशी असताना अडसर राखून ठेवणाऱ्या खेळणाऱ्यासाठी त्या अक्षावर जागा नाही.

मराठीत आपल्याकडे यासाठी शब्द नाहीत असे नाही. कोडे सुटते, गूढ उकलते किंवा उकलत नाही, उखाणा घातला जातो आणि घेतलाही जातो. लग्नात नाव घेण्याच्या उखाण्यात तर उत्तर सर्वांना आधीच ठाऊक असते. तरी सारी गंमत नाव येईपर्यंतच्या वळणात असते, आणि ते वळण लांबवणारी वधू अडाणी ठरत नाही. उत्तर माहीत असणे आणि उत्तर उच्चारणे यांमधील अंतर हीच त्या प्रकाराची आस्वादभूमी आहे. विद्यार्थिनीची खेळण्याची रीत या परंपरेला जवळची होती. आम्ही तिला परीक्षेतील प्रश्नाच्या मापाने मोजले.

यावरून विश्वनाथाच्या आक्षेपाला मर्यादा घालता येते. कोडे रसाच्या आड येते की नाही, हे ते किती कठीण आहे यावर अवलंबून नाही. उत्तराची क्रिया स्वतः कोणत्या भावात घडते यावर आहे. किड्याच्या कोड्यात सोडवण्याची क्रिया अगतिकतेत घडते, म्हणून ते रसपोषक. चुंबकाच्या कोड्यात ती भावशून्य आहे, म्हणून ते विघ्न. कड्यांच्या कोड्यात एकाच क्रियेला दोन गती संभवतात. झटपट जुळवणाऱ्याला तो पुढे जाण्याचा क्षुल्लक अडथळा वाटतो, रेंगाळणाऱ्याला करुणाचा उद्दीपन विभाव. अभिनवगुप्ताने रसविघ्नांची चर्चा केली तेव्हा काही विघ्ने काव्यात असतात, काही प्रेक्षकाच्या ठायी, ही जाण तीत होती. स्वतःच्या सुखदुःखात बुडालेला प्रेक्षक हे त्यांपैकीच एक विघ्न. खेळाच्या बाबतीत तिसरे ठिकाण मानावे लागेल : खेळण्याची रीत. ती केवळ कृतीची नाही आणि केवळ प्रेक्षकाचीही नाही. दोघांच्या गाठीत ती घडते.

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे प्रतिपादन केले. कलाकृतीकडे स्वायत्त रचना म्हणून पाहणारा एक ध्रुव, तिचे लौकिक जीवनाशी नाते मानणारा दुसरा. खेळाडूंच्या मतांतील ताण बहुतांशी याच दोन ध्रुवांतील आहे. "कोडी सोपी आहेत" हे विधान पहिल्या ध्रुवावरून केलेले आहे, आणि तेथे ते खरे आहे. "जुळलं की तो सापडलेला नसतो" हे दुसऱ्या ध्रुवावरून, आणि तेथे तेही खरे आहे. एकाने दुसऱ्याला खोडून काढले असे मानणे हा वर्गदोष होय. येथे एक आक्षेप संभवतो : मग कोणतेही मत चूक ठरणारच नाही काय? ठरेल. 'लिम्बो'त बहिणीचे नाव उच्चारले जाते असे कोणी म्हटले तर ते चूक. 'राजी'तील निवेदन राजीच्याच तोंडी आहे असे म्हटले तर तेही चूक. साक्ष खोटी असू शकते. तिची सरासरी मात्र काढता येत नाही, इतकेच म्हणणे आहे.

५

मतांचे मग करावे काय? या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या भागाशी नाते असलेल्या एका ग्रंथात मिळते. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर आणि लोणार ही चक्रधरांच्या संचारातील स्थाने आहेत. 'लीळाचरित्रा'त त्यांचे उल्लेख येतात. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी त्यांच्या सहवासातील माणसांकडून गोळा केल्या. या ग्रंथाच्या परंपरेत एकाच लीळेविषयी निरनिराळ्या माणसांची आठवण वेगळी असेल तर तो वेगळेपणा 'वासना' किंवा 'पाठ' म्हणून, अनेकदा त्या त्या व्यक्तीच्या नावानिशी, नोंदलेला आढळतो. याच जिल्ह्यात जन्मलेल्या वि. भि. कोलते यांनी १९७८ साली या ग्रंथाची संपादित आवृत्ती सिद्ध केली. पाठभेदांचा हा व्यूह तीतून अभ्यासकापुढे येतो. ईश्वरावतार मानलेल्या पुरुषाच्या चरित्रातही संकलकांनी साक्षी एकजीव करून टाकल्या नाहीत, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

याच पंथाच्या 'दृष्टांतपाठा'त जात्यंध आणि हत्ती यांचा सुप्रसिद्ध दृष्टांत आहे. मतभेदाचा विषय निघाला की आपण सहज त्याचा आधार घेतो : प्रत्येकाच्या हाती एक अवयव, पूर्ण हत्ती डोळसालाच ठाऊक. परंतु खेळाच्या संदर्भात हा दृष्टांत अपुरा पडतो. येथे खेळण्याच्या बाहेर उभा असलेला पूर्ण हत्ती नाही. निर्मात्यापाशीही तो नाही. त्याच्यापाशी नियम व चित्रे आहेत, रेंगाळलेली कडी नाही. म्हणून खेळाडूंच्या मतांना हत्तीच्या अवयवांपेक्षा वासनांचे प्रतिमान अधिक लागू पडते. ज्याने जसे अनुभवले तसे, त्याच्या प्रवेशाच्या दारासह आणि खेळण्याच्या रीतीसह ते नोंदवावे. दोन नोंदी जुळत नसतील तर शेजारी शेजारी ठेवाव्यात. दहांपैकी सात हा आकडा अशा नोंदीचा संक्षेप होऊ शकत नाही. त्या आकड्यात झटपट जुळवणारा आणि मुद्दाम चुकवणारी दोघेही असतात, आणि दोघेही दिसत नाहीत.

ही सूचना केवळ खेळांपुरती नाही. साहित्याच्या वर्गात आपण कवितेवरील मते ऐकतो तेव्हाही सराईत वाचकाचे मत प्रमाण आणि चाचरत बोललेले मत अपवाद, असा अलिखित संकेत पाळतो. "मला कविता कळत नाही, पण" या शब्दांनी सुरू होणारे वाक्य आपण 'पण'पर्यंतच ऐकतो. कित्येकदा वाचनाची वेगळी रीत त्या 'पण'च्या पुढे असते.

पुढील वर्षी हाच घटक शिकवताना मी 'राजी'तील कड्यांचे कोडे प्रथम त्या विद्यार्थिनीच्या साक्षीसह मांडले, आणि तिच्या शेजारी "कोडी फार सोपी आहेत" हा अभिप्राय ठेवला. कोणते मत बरोबर, असे विचारले नाही. प्रत्येकाने कडी कशी फिरवली असेल, एवढेच विचारले. त्या तासाला वर्ग हसला नाही. दोघा-तिघांनी घरी जाऊन ते चित्र पुन्हा विस्कटून पाहतो असे सांगितले.